मोघम शब्दांची किंमत

(भोर आणि वेल्हे तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीत ‘व्हेग’ असा एक नेहमीच्या वापरातला शब्द आहे. शाळकरी मुलगाही तो वापरतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतही तो आढळतो. मराठीत त्याला ‘मोघम’ हा अगदी नेमका शब्द आहे; मोघमपणासाठी इतका नेमका शब्द असावा, ही भाषेची गंमतच म्हणावयाची. धरणग्रस्तांचे पुनर्वसन, कालव्याचे पाणी, उन्हाळ्यातले टँकर असे प्रश्न दारात उभे असताना अभ्यासवर्गासाठी एखादा शब्द विषय म्हणून घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ह्या दोन तालुक्यांत जी जमीन पाण्याखाली गेली, ती त्याआधी कागदावर गेलेली होती. आणि कागदावर ती ज्या शब्दांनी गेली, त्यांतले पुष्कळसे शब्द मोघम होते. वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ साली राजगड झाले. नाव बदलावयाचे असले की सरकारला नेमका शब्द सापडतो, तारीखही सापडते. जमिनीला जमीन देण्याची वेळ आली, की भाषा एकाएकी धुक्यात शिरते.

अस्पष्टतेचे प्रकार प्रथम वेगळे केले पाहिजेत, कारण बोलण्यात ते एकमेकांत मिसळतात. ‘व्हेग’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ भटकणारा. ज्याच्या अर्थाला कुंपण नाही, तो मोघम शब्द. संदिग्ध शब्दाची गोष्ट निराळी. ‘दिह्’ म्हणजे माखणे, लिंपणे. त्यावरून ‘संदिग्ध’ आणि ‘संदेह’ हे दोन्ही शब्द आले. संदिग्ध वाक्याला दोन अर्थ असतात, दोन्ही स्वच्छ असतात, पण त्यांतला कोणता घ्यावयाचा हे कळत नाही. धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ आपण अशाच वेळी उद्धृत करतो. दुर्बोध हा तिसरा प्रकार. तेथे अर्थ असतो, पण तो वाचणाऱ्याच्या आवाक्याबाहेर ठेवलेला असतो. भूसंपादनाची नोटीस हातात पडलेल्या शेतकऱ्याला ह्याचा अनुभव आहे. आणि ‘ध’ चा ‘मा’ करणे ही तर सरळ लबाडी. मोघम शब्दाची खुबी अशी, की त्यात अक्षरसुद्धा बदलावे लागत नाही. अर्थ नंतर भरता येतो, आणि ज्याच्या हाती शिक्का असतो तो भरतो.

म्हणून मोघमपणा हा मुळातच दुर्गुण आहे, असे समजण्याचे कारण नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात युबुलिडीस नावाच्या ग्रीक पंडिताने एक कोडे घातले होते. खळ्यावर धान्याची रास आहे. तिच्यातून एक दाणा उचलला तर ती रासच राहते. आणखी एक उचलला तरी राहते. मग ती रास नाहीशी होते ती नेमक्या कोणत्या दाण्याला? उत्तर नाही, कारण ‘रास’ ह्या शब्दालाच कड नाही. बर्ट्रंड रसेलने १९२३ साली ह्याच विषयावर एक निबंध लिहिला आणि मोघमपणा जगात नसतो, जगाचे वर्णन करणाऱ्या शब्दांत असतो, असे प्रतिपादन केले. भाताच्या खळ्यावर उभ्या असलेल्या मावळातल्या शेतकऱ्याला ह्या कोड्याने कधी अडवले नाही. सूपभर तांदूळ, हाकेच्या अंतरावरचे घर, दिवस कासराभर वर येईतो — ह्या मापांवर खेड्याचा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालला. इर्जिकीला आलेल्या माणसांनी किती तास काम केले, हे कोणी लिहून ठेवीत नसे. हे चालत असे, कारण दोन्ही पक्ष एकाच वाडीत राहत, आणि आज ज्याचा पदर जड झाला त्याला पुढल्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या दाराशी जावेच लागे. पक्ष बरोबरीचे असले आणि उद्या पुन्हा भेटणार असले, तर मोघम शब्द माणुसकीला जागा ठेवतो. एक पक्ष सरकार आणि दुसरा पक्ष लागवडीची तीन एकर जमीन असलेला कुणबी असला, म्हणजे तोच शब्द एका बाजूला झुकतो.

‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा सगळा इमला ह्या दोन शब्दांवर उभा होता. कायद्याने त्यांची व्याख्या केली ती ‘यात अमुक अमुक समाविष्ट आहे’ अशी. म्हणजे आत काय आहे ह्याची काही उदाहरणे दिली, बाहेर काय आहे हे सांगितलेच नाही. आणि सहाव्या कलमात अशी तरतूद केली, की जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी हवी आहे असे सरकारने जाहीर केले, म्हणजे ते जाहीर करणे हाच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. जगात दुसऱ्या कोणत्या व्यवहारात वादीचे म्हणणे हाच पुरावा ठरतो, ते शोधून पाहावे. मुंबईच्या मलबार हिलवरील जमिनीसंबंधीचा हमाबाई पेटिट यांचा खटला १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. जुन्या पट्ट्यात सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन परत घेण्याची शर्त होती, आणि सरकारला तेथे आपल्या अधिकाऱ्यांसाठी घरे हवी होती. अधिकाऱ्यांचे बंगले हे सार्वजनिक प्रयोजन होय, असा निर्णय लागला, आणि अशा बाबतीत सरकारचे मत सहसा ग्राह्य धरावे ही प्रथा पक्की झाली. पुढे सात वर्षांनी, १९२१ साली, वेल्ह्याच्या शेजारच्या मुळशी पेट्यात मावळे सत्याग्रहाला बसले. टाटांच्या धरणातून मुंबईला वीज जावयाची होती. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा तो लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. त्या लढ्यातला मूळ प्रश्न — हे ‘सार्वजनिक’ म्हणजे कोणाचे? — मात्र आजही उत्तराची वाट पाहत आहे.

आता ह्याच खोऱ्यांतले आकडे पाहावेत. भाटघरला येळवंडी नदीवर नीरा डाव्या कालव्यासाठी पहिले धरण एकोणिसाव्या शतकात झाले आणि त्याच्या जागी मोठे लॉइड धरण १९२० च्या दशकात उभे राहिले. त्याची साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. नीरा-देवघरची ११.७३. वेल्ह्यात पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, गुंजवणी ३.६९. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. दोन लहान डोंगरी तालुक्यांत साठ टीएमसीच्या वर पाणी अडते, आणि ते दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत मोजलेले असते. बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातले महाराष्ट्राचे ५६० टीएमसी ठरवून दिले, तेव्हापासून थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणे भागच पडले. म्हणजे नेमकेपणा सरकारला जमत नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. धरणाच्या भिंतीची उंची, सांडव्याची पातळी, बुडीत रेषा, आवर्तनाचे दिवस, सारे काही मोजलेले असते.

माणसांची पाळी येते तेव्हा काय होते? पुनर्वसनाचा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. १९७६ चा कायदा, मग १९८६ चा, मग १९९९ चा. धरणग्रस्तांच्या चळवळींनी ते मिळवले, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या अंमलबजावणीची भाषा वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. धरणग्रस्ताने जे करावयाचे ते सगळे आकड्यांत: पर्यायी जमीन हवी असेल, तर मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम ठरलेल्या मुदतीत सरकारकडे भरावी, मुदत चुकली की हक्क गेला. सरकारने जे करावयाचे ते ‘उपलब्धतेनुसार’, ‘शक्य तोवर’, ‘यथावकाश’. नागरी सुविधा ‘पुरेशा’. अर्जाला उत्तर ‘उचित कार्यवाही करण्यात येईल’. प्रस्ताव ‘शासनस्तरावर विचाराधीन’. आणि ह्या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे ‘तत्त्वतः मान्यता’; तत्त्वतः मान्य झालेली विहीर कोणाची तहान भागवते, हे सांगता येणे कठीण. करारातले एका बाजूचे कर्तव्य आकड्यांत आणि दुसऱ्या बाजूचे क्रियाविशेषणांत लिहिलेले असले, की तो करार कोणी मोडला हे कधीच सिद्ध होत नाही. दुसरी बाजू तो मोडूच शकत नाही!

ह्या मोघमपणाचा काच केवळ बुडीत क्षेत्रातल्या माणसालाच बसतो असेही नाही. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असे शिक्के पडले आणि अनेक ठिकाणी ते पडूनच राहिले. जमीन घेतलीही जात नाही आणि मोकळीही होत नाही. मालकाला ती विकता येत नाही, तिच्यावर कर्ज काढणे अवघड होते. वरच्या खोऱ्यातला माणूस जमिनीची वाट पाहतो, खालच्या खोऱ्यातला शिक्का उठण्याची. आणि दोघे एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहू लागतात. दोन गरजवंतांना एकमेकांसमोर उभे करणारा असा शब्द ज्या दफ्तरातून निघाला, ते दफ्तर दोघांच्याही नजरेआड राहते.

डोंगरातल्या गरिबाची अवस्था त्याहून बिकट. ‘बाजारभाव’ हा शब्द ऐकावयास नेमका वाटतो. पण ज्या खोऱ्यात जमिनीचे व्यवहारच क्वचित होतात, आणि झालेल्या खरेदीखतांत रक्कम मुद्दाम कमी दाखवलेली असते, तेथे बाजारच नसताना भाव कोठून येणार? वरकस जमिनीवर नाचणी-वरई पिकवणाऱ्याचा तुकडा पुष्कळदा ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेला. म्हणजे कागदाच्या लेखी तेथे काही पिकतच नाही. कातकऱ्यांच्या वस्तीला तर सातबाराच नाही. ओढा, आंबा, बांध ह्या खुणांनी सांगितलेल्या चतुःसीमा पाणी चढले की खुणांसकट बुडतात.

येथे अर्थशास्त्राने स्वतःच्या घरातही डोकवावयास हवे, कारण ह्या प्रकाराला विद्वत्तेचा आधार ह्याच शास्त्राने दिला. १९३९ साली निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स यांनी एक कसोटी मांडली, आणि ती पुढे प्रकल्पांच्या लाभ-खर्च गणिताचा पाया झाली. एखाद्या बदलाने ज्यांचा फायदा होतो, ते नुकसान झालेल्यांची पूर्ण भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल इष्ट समजावा. सगळी मेख ‘शकत असतील’ ह्या शब्दांत आहे. भरपाई प्रत्यक्ष दिली गेलीच पाहिजे, अशी अट कसोटीत नाही. भाटघरच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस वाढला, कारखाने उभे राहिले. त्यातून भोरच्या बुडीत गावांची भरपाई सहज होऊ शकली असती. म्हणून कसोटी पार पडली. झाली की नाही, हा प्रश्न शास्त्राने ‘वाटपाचा’ म्हणून बाजूला ठेवला. लिट्लसारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच ह्यावर नेमके बोट ठेवले होते. पण वर्गात काल्डोर शिकवला जातो आणि लिट्ल तळटीपेत राहतो. आपल्याकडे गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. देशातल्या अशा पहिल्या कामांपैकी ते एक. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ त्यात कष्टाने मोजले आहेत. त्या पाहणीचा विषयच लाभ हा होता. तोटे मोजण्याची तशीच शिस्तशीर परंपरा मात्र आपल्याकडे फार उशिरा सुरू झाली. नीरा-देवघरच्या न वापरलेल्या पाण्यावरून २०१९ साली मोठा वाद झाला, तेव्हाही दोन्ही पक्ष खोऱ्याच्या खालच्या अंगाचे होते: डाव्या कालव्याची बारामती-इंदापूर, उजव्या कालव्याची फलटण-माळशिरस. ‘समन्यायी’ हा शब्द २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यापासून सर्वांच्याच तोंडी रुळलेला आहे. ज्यांच्या गावावर ते पाणी उभे आहे, त्यांच्यासाठी त्या शब्दाचा अर्थ काय, हे त्या वादात कोणी विचारल्याचे दिसले नाही.

कायदा सुधारला की शब्दही सुधारतात, ही अपेक्षा चुकीची नाही. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा आला. सार्वजनिक प्रयोजनांची यादी आली, खाजगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती आली, दिलासा रक्कम शंभर टक्के झाली. हे सारे आकडे आहेत, आणि म्हणूनच ते टोचतात. त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात जुन्या प्रकरणांसाठी एक तरतूद होती: निवाडा होऊन पाच वर्षे किंवा अधिक काळ लोटला, आणि जमिनीचा प्रत्यक्ष ताबा घेतलेला नाही अथवा मोबदला दिलेला नाही, तर ते संपादन रद्द समजावे. ‘दिलेला’ म्हणजे काय? पुणे महानगरपालिकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये सांगितले, की रक्कम सरकारी खजिन्यात पडून असणे म्हणजे मोबदला देणे नव्हे. देशभर शेकडो शेतकऱ्यांनी त्या आधारे दाद मागितली. मार्च २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय रद्द ठरवला, आणि कलमातला ‘अथवा’ हा शब्द ‘आणि’ ह्या अर्थाने वाचावा असा निर्णय दिला. म्हणजे ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, अशा दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच संपादन रद्द. एका उभयान्वयी अव्ययाने किती एकर इकडून तिकडे गेले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मोघम शब्दाला कुंपण घालून भागत नाही. कुंपणाच्या दारावर कोण बसतो, तेही पाहावे लागते.

तेव्हा ‘सगळे नेमके करा’ एवढी घोषणा पुरेशी नाही. नेमकेपणानेही फसवता येते. पिकाची आणेवारी, म्हणजे आताची पैसेवारी, हे त्याचे घरातले उदाहरण. ‘पीक बुडाले’ हे मोघम वाक्य. पन्नास पैशांच्या आत ही नेमकी रेषा. अनेक दशके टंचाईच्या सवलती ह्या रेषेवर अडकून राहिल्या. एकोणपन्नास पैसे लागले तर गाव टंचाईग्रस्त, एक्कावन्न लागले तर सुखी. आणि ‘नजरअंदाज’ पैसेवारीत ती नजर कोणाची, हे गावाला ठाऊक असते. दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे, पण विसरू नये असे. फौजदारी कायदा मोघम असेल तर तो रद्द ठरावा, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली ज्या खटल्यात ठसठशीतपणे मांडले, तो खटला होता एका बांधकाम कंपनीचा. सरकारी कामावरील मजुरांना त्या परिसरातील चालू दराने मजुरी द्यावी, असा ओक्लाहोमा राज्याचा कायदा होता. ‘परिसर’ म्हणजे किती, ‘चालू दर’ म्हणजे कोणता, हे स्पष्ट नाही, म्हणून तो गेला. मजुरांच्या बाजूचा कायदा मोघम म्हणून पडला. जमीनधारकाच्या विरुद्धचा कायदा मोघम असूनही एकशे वीस वर्षे टिकला. आपल्याकडेही ह्या तत्त्वाने चांगले काम केलेले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ हे कलम २०१५ साली मोघमपणामुळेच रद्द झाले.

ह्या उलट नेमक्या शब्दाने गरिबाच्या हाती काय येते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. ‘शक्य तोवर रोजगार पुरवावा’ असे लिहिले असते, तर ती आणखी एक योजना झाली असती आणि कोणाच्या स्मरणातही राहिली नसती. अंमलबजावणीत खोट राहिली, भत्ता क्वचितच मिळाला, हे खरे आहे. पण अंगठा उठवणाऱ्या बाईला पंधरावा दिवस कोणता, हे मोजता येत होते. तहसील कचेरीवरचे मोर्चे त्या पंधराव्या दिवसाच्या बळावर निघाले.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. सरकारी पत्रांना हसताना आपल्या स्वतःच्या ठरावांच्या वह्या उघडून पाहाव्यात. ‘हा मेळावा तीव्र निषेध करतो.’ ‘व्यापक लढा उभारण्यात येईल.’ ‘न्याय्य मागण्या त्वरित मान्य कराव्यात.’ ह्यांतला कोणता ठराव पाळला गेला आणि कोणता मोडला, हे ठरवावयाचे कसे? ‘त्वरित’ आणि ‘यथावकाश’ हे दोन्ही शब्द एकाच घरातले; एक आपल्या तोंडी, एक त्यांच्या. व्यापक ऐक्यासाठी शब्द थोडे सैल ठेवावे लागतात हे मान्य. सगळ्या गटांना एका निवेदनावर सह्या करावयाच्या असतात. पण निवेदनातल्या मागणीत गट क्रमांक, क्षेत्र, कुटुंबांची संख्या, जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि तारीख घालावयास कोणत्या गटाची हरकत असते? ते काम कंटाळवाणे असते, त्यासाठी तलाठ्याच्या दारात बसावे लागते, म्हणून ते राहते; आणि भाषण सोपे असते, म्हणून ते होते.

माहितीच्या अधिकाराचा अर्जही ह्याच कारणाने वाया जातो. ‘आमच्या गावाचे पुनर्वसन का झाले नाही?’ असे विचारले, की उत्तर येते: हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. आणि ते उत्तर कायद्याला धरून असते, कारण २००५ च्या कायद्याने हक्क दिला तो दप्तरी असलेल्या कागदाचा, कारणांच्या चर्चेचा नव्हे. म्हणून मागावयाचे ते कागद: प्रकल्पग्रस्तांच्या संकलन यादीची प्रत, ६५ टक्के रक्कम भरल्याच्या नोंदवहीची प्रत, वाटप झालेल्या जमिनींचे गाव, गट क्रमांक आणि क्षेत्र, संपादनासाठी राखून ठेवलेल्या गटांची सद्यःस्थिती. उत्तरासाठी तीस दिवस, आणि विनाकारण विलंब झाल्यास दिवसाला २५० रुपये दंड, कमाल २५,०००. हा आकडा अधिकाऱ्यालाही पाठ असतो. अर्जाची पोच घ्यावी, आवक क्रमांक टिपून ठेवावा. आणि उत्तर मोघम आले, तर तेच पत्र सोबत जोडून, त्यातल्या मोघम शब्दाखाली रेघ मारून, पहिल्या अपिलात तोच कागद पुन्हा मागावा.